एक जूनच्या बाई

बाईंनी मला खोली दिली ती मी बँकेत आहे म्हणून. सिडकोतल्या त्यांच्या बैठ्या घराच्या गच्चीवर एकच खोली होती आणि माझ्याआधी दोघंतिघं ती बघून गेले होते. त्यातला एक चांगला संगणकवाला, मागाल ते भाडं द्यायला तयार. त्याला बाईंनी तोंडावर सांगितलं, "तुझा मला काही उपयोग नाही." मला मात्र जात, गाव, लग्न यातलं काहीही न विचारता एकच प्रश्न केला.

"ठेवींच्या टेबलावर बसतेस की कर्जाच्या?"

मी ठेवींच्या म्हणाले. बाईंनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि चहा टाकला.

त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. "ए बँक, कपडे वाळलेत बघ." "बँक, आज डबा नेला नाहीस." शेजारचे गृहस्थ वीज कंपनीतून निवृत्त झालेले, त्यांना त्या "वीज" म्हणत. समोरच्या घरातली सून महापालिकेत होती, तिला "घरपट्टी". भर रस्त्यात "अगं घरपट्टी, किती वाळलीस!" असं ओरडायच्या आणि जाणारेयेणारे थबकून बघत. मला आधी राग यायचा. मग लक्षात आलं, की बाईंच्या हिशेबी ही आमची हुद्द्याची नावं नव्हतीच, ते आमच्यावरचे आरोप होते. वीज गेली की त्या शेजारच्या गृहस्थांना जाब विचारत. बँकेत कुणावर अन्याय झाला की माझी धडगत नसे.

बाई म्हणजे प्राथमिक शिक्षिका. सगळी नोकरी घोटीच्या आसपासच्या वाड्यापाड्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत काढलेली. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं तर "रजा शिल्लक नव्हती" असं सांगत. निवृत्त होताना शाळेनं शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं, तर यांनी त्याऐवजी शाळेची घंटा मागून घेतली. घंटा कसली, रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता तो. तो पोर्चमध्ये तारेनं टांगलेला असे. पहाटे नळाला पाणी आलं की बाई त्याच्यावर हातोडी हाणत आणि आख्खी गल्ली बादल्या घेऊन उठे. भाडं उशिरा दिलं तर दंड नाही, पण पोर्चमध्ये उभं राहून एकोणतीसचा पाढा म्हणावा लागे. मी तो दोनदा म्हटला आहे. घरपट्टी दाराआडून हसत होती.

दुसरी खोड म्हणजे लाल पेन. ते कायम पर्समध्ये. वाण्याच्या पाटीपासून मंगल कार्यालयाच्या फलकापर्यंत जिथं चूक दिसेल तिथं त्या दुरुस्त करत. आमच्या शाखेत पहिल्यांदा आल्या तेव्हा भिंतीवर एक सूचना लावली होती. "नियमानुसार व्याजावरील कर कापण्यात येईल." बाईंनी चष्मा वर केला, पेन काढलं आणि "कापण्यात येईल" या शब्दांखाली ठसठशीत रेघ ओढून शेजारी लिहिलं, "कोण कापणार? कर्ता लिहा." शाखाधिकारी धावत आले.

"आजी, ही बँकेची मालमत्ता आहे."

"वाक्य बँकेचं असेल, व्याकरण माझं आहे," बाई म्हणाल्या. "चांगलं काम केलं की फलकावर भलीमोठी नावं लावता. पैसे कापायची वेळ आली की कर्ता पळून जातो. कापण्यात आले, वळते करण्यात आले, नाकारण्यात आले. अरे, आभाळातून कुऱ्हाड पडते का?"

त्या दिवशी मला हसू आलं होतं. पुढं मात्र कार्यालयातलं कुठलंही पत्र वाचताना मी आधी कर्ता शोधू लागले आणि तो क्वचितच सापडायचा.

एप्रिल आला की बाईंचा पोर्च भरून जाई. गल्लीतल्या विधवा, पापड लाटणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, नवऱ्याच्या फंडाच्या पैशांवर दिवस काढणारे म्हातारे, सगळे यायचे. यांच्यापैकी कुणाचंही उत्पन्न कराला पात्र नव्हतं. पण ठेवीवरचं वर्षाचं व्याज ठरलेल्या मर्यादेवर जाणार असं दिसलं की बँकेनं त्यातून कर आधीच कापून घ्यायचा, असा नियम. तो कापू नये असं वाटत असेल तर माणसानं दर वर्षी लिहून द्यायचं, की माझं उत्पन्न इतकं कमी आहे की मला कर लागतच नाही. साठीच्या आतल्यांनी पंधरा-जी नावाचा फॉर्म भरायचा, साठीपुढच्यांनी पंधरा-एच. बाई त्याला गरिबीचा दाखला म्हणत.

"एकदा दाखला दिला, पुरे नाही का? दर वर्षी यायचं आणि सांगायचं, साहेब, मी अजून गरीबच आहे हो! यंदाही काही जमलं नाही! आणि सांगायला उशीर झाला की आधी कापणार, मग म्हणणार, विवरणपत्र भरा, परत मिळेल. ज्या बाईला 'विवरणपत्र' म्हणता येत नाही ती भरणार कुठून? ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे हिशेबनीस आहे. हिच्याकडे कोण आहे? मी. आणि माझे गुडघे गेलेत."

बोलता बोलता त्यांचा आवाज चढे आणि त्या घंटेची हातोडी हातात घेत. मी बँकेची माणूस, मी नियम समजावून सांगायला जायची. कर बुडवणारे असतात, सरकारला आधी वसूल करावा लागतो, वगैरे. बाई सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "वर्गात एकानं खडू चोरला तर मी सगळ्यांचे खिसे नाही उलटे केले कधी."

आता एक जूनचं सांगते.

त्या घरात माझं पहिलं वर्ष होतं. एक जूनला सकाळी खाली बघते तर पोर्चमध्ये चपलांचा ढीग. घोटीकडून जीप भरून माणसं आली होती. पन्नाशीचे, साठीचे, पागोटेवाले, नऊवारीवाल्या, एक ग्रामसेवक, एक वाहक. आत आमरसाचं पातेलं, पुऱ्या, कुरडया. मी विचारलं, काय कार्यक्रम आहे? "वाढदिवस," बाई म्हणाल्या. कुणाचा? "सगळ्यांचा."

बाई नोकरीला लागल्या तेव्हा पाड्यावर कुणालाच जन्मतारीख ठाऊक नसे. आई सांगायची, भात लावणीच्या टायमाला झाली, नाहीतर वळू विहिरीत पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी. शाळा भरायची जूनमध्ये आणि पहिलीत घालायला सहा वर्षं पूर्ण लागायची. मग गुरुजी काय करत, पोराचे दात बघत, डोक्यावरून हात कानाला पोचतो का बघत आणि एक जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेली माणसं इतकी का आहेत, ते हे असं. बाईंनीही तेच केलं. पण बाकीचे गुरुजी विसरून गेले, बाई विसरल्या नाहीत. "देवानं बारा महिन्यांत वाटून पाठवलेली पोरं मी एका दिवशी जन्माला घातली," त्या म्हणत. "मग बारसं जेवायला घालणं माझ्याकडे लागलं."

जेवणाआधी हजेरी होई. बाई घंटा वाजवत, सगळे पोर्चमध्ये मांडी घालून बसत आणि बाई चष्मा न लावता, तोंडपाठ, एकेकाचं नाव घेत. बायकांची माहेरची नावं. नातवंडं झालेल्या बाया "हजर बाई!" असं ओरडत आणि पदर तोंडाला लावून हसत. जो आला नसेल त्याच्यासाठी सगळे एका सुरात म्हणत, "गैरहजर!" मग बाईंचा ठरलेला सवाल, "कारण?" आणि ज्याला माहीत असेल तो सांगे. आजारी हाय. पोरीकडं गेलाय. शाळेच्या दिवसांत या प्रश्नाला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळायचं, "राखणीला ठेवलंय, बाई." भातावरची पाखरं राखायला, गुरं राखायला, धाकटी भावंडं राखायला. ते उत्तर आलं की बाई फळ्यावर काहीतरी लिहायला देऊन चपला घालत आणि थेट त्या पोराच्या घरी जात. बांधावरून, चिखलातून. आईबापाशी भांडून पोराला बखोटीला धरून शाळेत आणत. या आलेल्यांतले निम्मे तसे आणलेले होते. त्यांच्यात सगळ्यात जास्त वेळा आणलेली होती भागा.

भागा म्हणजे भागाबाई. बारीक अंगाची, कमी बोलणारी, आली की न सांगता मोरीत जाऊन भांडी घासायला बसणारी. घोटीजवळ तिच्या नवऱ्याचा भाताचा तुकडा होता. तो महामार्गात गेला. भरपाई मिळाली तेव्हा भाऊबंदांनी जीपगाड्या घेतल्या, कुणी गावजेवणं घातली. भागानं बाईंना विचारून सगळे पैसे ठेवीत टाकले आणि महिन्याच्या महिन्याला व्याज घेऊ लागली. पुढं नवऱ्याचं एक अंग लुळं पडलं. तेव्हापासून त्याचं औषध, मालिशवाला आणि दोघांची भाकरी हे सगळं त्या व्याजावर होतं. वर्षाचं सत्तर हजारांच्या आसपास. दुसरं उत्पन्न नाही.

एका वर्षी एक जानेवारीला सकाळी बाईंचा फोन वाजला. मी खालीच होते. भागाचा फोन होता आणि ती हसत होती.

"बाई, बँकेनं मला जल्मल्याबद्दल सुभेच्छा धाडल्यात. नातीनं वाचून दावलं."

"आज? तुझा वाढदिवस जूनमध्ये ना?"

"आधारवाल्यानं एक जानेवारी घातली व्हती. कॅम्पात वय इचारलं, म्या सांगितलं, त्यानं घातली. सगळ्या पाड्याचीच तीच हाय आता." मग सहज बोलावं तसं म्हणाली, "बाई, बँक राखणीचं किती घेती हो? मागल्या सालापासून दर म्हयन्याला हजार-बाराशे कमी येतंय."

"राखणीचं म्हणजे?"

"आपले पैसे राखत्यात न्हवं? मंग राखणदाराचा वाटा कापत्यात. म्या म्हनलं, भातालाबी देतोच की."

बाईंनी फोन कानाशी तसाच धरून माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून आठवते.

त्यांच्याकडे भाताच्या राखणदाराला सुगीत वाटा देतात. भागाला वाटलं बँकेचंही तसंच असणार. ती सव्वा वर्ष गप्प राहिली. मालिशवाल्याला नको म्हणाली, गोळ्या एक दिवसाआड केल्या आणि वाटा देत राहिली. ठेव आमच्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत होती. मी चौकशी केली तेव्हा प्रकार कळला. भरपाईच्या वेळी कुणा एजंटानं शाळेच्या दाखल्यावरून तिचं पॅनकार्ड काढलं होतं, त्यावर जन्मतारीख एक जून. आधारवर एक जानेवारी. पुढं पॅन आणि आधार जोडायची सक्ती झाली, तारखा जुळेनात, जोडणी होईना आणि पॅन निष्क्रिय झालं. पॅन निष्क्रिय म्हणजे गरिबीचा दाखला बाद, आणि कपातही दहा टक्क्यांऐवजी वीस टक्के. भागानं एप्रिलमध्ये फॉर्म दिला होता. तो घेतला गेला होता. बाद झाला हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी हे सगळं बाईंना सांगितलं आणि म्हणाले, "शेवटी तारीख पटत नाही म्हणून हे झालं, बाई."

"शुभेच्छा देताना पटली की!" बाई कडाडल्या. "तेव्हा बरोबर एक जानेवारी सापडली! ज्या तारखेनं पैसे अडवता त्याच तारखेनं अभिनंदन करता? लाज नाही वाटत?"

"यंत्र पाठवतं हो ते."

"यंत्र! आता कर्ता यंत्र झाला. आणि टीव्हीवर कोण ओरडतंय, बारा लाखांपर्यंत एक पैसा कर नाही म्हणून? ते कुणाला सांगतायत? ज्याला बारा लाख मिळतात त्याचा कर माफ, आणि सत्तर हजारांतून हिचे वीस टक्के?"

मग त्या एकदम खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बँक, ती एक जून माझ्या हातची आहे गं."

मी म्हटलं, सगळे गुरुजी तेच लिहायचे. पण त्यांना ते ऐकायचं नव्हतं. त्यांच्या मते त्या पाड्यावर भागाच्या जन्माविषयी खोटं बोलणारे दोघंच होते, एक आधारवाल्याचं यंत्र आणि दुसऱ्या बाई. खरी भागा कुठल्या तरी लावणीच्या दिवसांत जन्मली होती आणि तिच्या बाजूनं लिहिणारं कुणी नव्हतं.

शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नाचा पुरावा नाही. त्यामुळं आधार बदलणं कठीण. सोपा मार्ग एकच होता, पॅनवरची तारीख आधारप्रमाणे करून घ्यायची, म्हणजे एक जून पुसायची. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "पुस. तिची भाकरी जाण्यापेक्षा माझी तारीख जाऊ दे." पॅन दुरुस्त झालं. मग जोडणीला उशीर झाला म्हणून हजार रुपये दंड निघाला. चूक एकाची, ढिलाई दुसऱ्याची आणि दंड भागाला. तो बाईंनी भरला आणि पावती देवाऱ्यात ठेवली. का, तर "सरकारचं दर्शन रोज घडावं."

एप्रिलपासून व्याज पुरं येऊ लागलं. संपत आलेल्या वर्षाचं विवरणपत्र माझ्या ओळखीच्या सल्लागारानं फुकट भरून दिलं, ते कापलेले पैसे पावसाळ्यात परत आले. पण त्याच्या आदल्या वर्षाचं विवरणपत्र भरायची मुदत टळून गेली होती. ते पैसे हवे असतील तर विलंब माफीचा अर्ज करावा लागणार होता. सल्लागारानं मसुदा लिहिला, "झालेल्या विलंबाबद्दल क्षमा असावी."

बाईंनी लाल पेन काढलं आणि "क्षमा" या शब्दावर अशी काट मारली की कागद फाटला.

"जिचे पैसे घेतले तिनंच क्षमा मागायची?"

सल्लागार म्हणाले, "बाई, अर्जाची पद्धतच तशी असते. मागितल्याशिवाय चालत नाही."

भागा कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "बाई, मागू द्या की. माफी मागायची आमाला सवयच हाय. पैका आला म्हंजे झालं."

बाईंचा चेहरा पडला. "लिहा," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. अर्ज क्षमेसकट गेला. उत्तर आलं नाही. स्मरणपत्रं गेली, तीही क्षमा मागून. त्यांचंही उत्तर नाही.

पुढं माझी बदली निफाडला झाली. तिकडं द्राक्षबागांत काम करणाऱ्या बाया एप्रिलमध्ये माझ्या टेबलापाशी येतात तेव्हा मी आधी त्यांचं पॅन चालू आहे का ते बघते, मगच फॉर्म हातात घेते. माझे सहकारी म्हणतात, एवढा वेळ कुठं आहे? मी पुढच्या बाईचं पॅन बघायला घेते. एक जून मात्र मी चुकवत नाही.

गेल्या एक जूनला गेले तेव्हा बाई फारच वाकल्या होत्या. घंटा त्यांच्यानं वाजेना, ती शेजारच्या "वीज"नी वाजवली. हजेरी सुरू झाली. भागाचं नाव यायच्या आधीच तो वाहक ओरडला, "तिचं नाव नका घेऊ बाई, ती आता जानेवारीवाली!" सगळे हसले. भागा उठून उभी राहिली. "सरकारनं मला जानेवारीत घातलं आसंल. जेवायला म्या जूनलाच येनार. हजर बाई!"

बाई हसल्या नाहीत. सगळी नावं संपली तरी त्या थांबल्या होत्या. मग मान वर करून खणखणीत आवाजात त्यांनी आणखी एक नाव घेतलं.

"भागाचं आदल्या सालचं व्याज?"

क्षणभर कुणाला कळेना. मग पहिला आवाज ग्रामसेवकाचा आला आणि मागोमाग सगळा पोर्च ओरडला, "गैरहजर!"

"कारण?"

भागा पदराशी चाळा करत होती. तशीच, खाली मान घालून म्हणाली, "राखणीला ठेवलंय, बाई."

बाईंनी खुर्चीच्या दांड्यावर हात टेकला आणि एकेक गुडघा सोडवत त्या उभ्या राहिल्या. आमरस तसाच होता, पुऱ्या निवत होत्या. "बँक," त्या मला म्हणाल्या, "माझ्या चपला बघ कुठं आहेत. आणायला जायला पाहिजे."